ससा, कासव आणि चौकटींचा कागद

(सोलापूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

विषय वाचून काही जणांच्या कपाळावर आठी आलेली आम्हाला इथून दिसते आहे. व्हिडिओ गेमवर व्याख्यान, आणि तेही एका हिरव्या सशाच्या! पण ज्या घरात मोबाइल आहे त्या घरात गेम आहे. मुलं तो खेळतात, आणि आईवडील एकतर ओरडतात नाहीतर दुर्लक्ष करतात. आत काय चाललंय हे मात्र कोणीच बघत नाही. यंत्रमागावर कापड कसं निघतं हे या गावात लहान पोरालाही थोडंफार ठाऊक असतं. गेम कसा विणला जातो हेही तितकंच समजण्यासारखं आहे, असा आमचा दावा आहे. त्यासाठी आज एकच जुना गेम उलगडून बघू.

त्याचं नाव 'जॅझ जॅकरॅबिट'. १९९४ साली अमेरिकेतल्या एपिक मेगागेम्स या छोट्या कंपनीने डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी तो आणला. आराखडा क्लिफ ब्लेझिन्स्की या तरुणाचा, आणि प्रोग्रॅमिंग आर्यन ब्रुसे या डच तरुणाचं. नायक ससा, डोक्याला लाल पट्टी, हातात बंदूक. धावायचं, उड्या मारायच्या, शत्रूंना टिपायचं आणि एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायचं. अशा खेळाला 'प्लॅटफॉर्म गेम' म्हणतात. प्लॅटफॉर्म म्हणजे इथे रेल्वेचा फलाट नव्हे, तर हवेत टांगलेले ओटे, ज्यांच्यावर उडी मारून चढायचं असतं.

गोष्ट उलटी कशी झाली

या गेमची कथा तुम्हाला अर्धी आधीच माहीत आहे. ससा आणि कासवाची शर्यत. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की ही पंचतंत्रातली गोष्ट आहे. ती इसापाची. मराठीत इसाप आला त्यालाही आता दोनशे वर्षं होऊन गेली. तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळात 'बालबोध मुक्तावली' या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, आणि १८२८ साली बापू छत्रे यांचं 'इसापनीतिकथा' आलं. तेव्हापासून मराठी पोरं ऐकत आली आहेत की ससा गर्विष्ठ, तो झोपला. कासव चिकाटीचं, ते जिंकलं.

गेमवाल्यांनी काय केलं? त्या शर्यतीनंतर तीन हजार वर्षं पुढे गेले. ससे आणि कासवं अजून भांडताहेत, पण आता अंतराळात. डेव्हन शेल नावाचं एक कासव ग्रहामागून ग्रह जिंकत सुटलंय. कॅरोटस हा सशांचा ग्रह, म्हणजे गाजराच्याच नावाचा, आणि तिथल्या राजकन्येला त्याने पळवलंय. तिला सोडवायला जॅझ निघाला. म्हणजे इसापाने ज्याला नायक केलं तो इथे खलनायक, आणि जो हरला तोच नायक.

का बरं? गंमत म्हणून, हे झालंच. पण एक धंद्याचं कारणही होतं. १९९१ साली जपानच्या सेगा कंपनीने 'सॉनिक द हेजहॉग' आणला. निळा साळू, वाऱ्यासारखा पळणारा. तो टीव्हीला जोडायच्या यंत्रावर चालायचा. वेग हीच त्याची जाहिरात होती. संगणकावर तसा वेग दाखवायचा असेल तर नायकही पळणारा हवा. कासवाला नायक करून वेग कसा विकणार? (हशा)

संगणकाची अडचण

आता इथे खरी अडचण सुरू होते, आणि व्याख्यानाचा गाभाही इथेच आहे.

त्या काळच्या टीव्ही-गेमच्या यंत्रांमध्ये चित्र सरकवण्यासाठी वेगळी सोय असायची. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी आलेले कॅसेटवाले गेम आठवा. मारिओ पळतो आणि मागचं दृश्य अलगद सरकतं. ते काम आतली खास चिप करायची. ऑफिसमधला संगणक मात्र हिशोब आणि टायपिंगसाठी बनलेला. त्यात अशी चिप नव्हती. एकेक ठिपका त्याच्या मुख्य प्रोसेसरलाच काढावा लागायचा.

हिशोब करू. त्या काळचा गेमचा पडदा ३२० ठिपके रुंद आणि २०० ठिपके उंच. गुणाकार केला की ६४,००० ठिपके. एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे २५६ रंगांपैकी कुठला, हे सांगणारा एक आकडा. तो पडदा सेकंदाला ७० वेळा ताजा व्हायचा. दर वेळी सगळं चित्र नव्याने काढायचं म्हटलं तर सेकंदाला ४४,८०,००० बाइट हलवावे लागतील. त्याच वेळी शत्रू, गोळ्या, आवाज, संगीत, सगळं सांभाळायचं. १९९० च्या संगणकाला घाम फुटायचा तो इथे.

ही कोंडी फोडणाऱ्यांमध्ये जॉन कार्मॅक या प्रोग्रॅमरचं नाव घेतलं जातं. १९९० च्या अखेरीस आलेल्या 'कमांडर कीन' या गेममध्ये त्याने एक युक्ती वापरली: पडद्यावरचा जो तुकडा बदललाच नाही तो पुन्हा काढायचाच नाही. बदललेले तुकडेच फक्त रंगवायचे. चार वर्षांनी जॅझ आला तोवर संगणकही वेगवान झाले होते. पण चित्राचे चौकोनी तुकडे करायचे, ही पद्धत टिकली.

चादरीचा कागद

या तुकड्यांना गेमवाले 'टाइल' म्हणतात. फरशीच म्हणा ना. समजा, एक टाइल ३२ ठिपके रुंद आणि ३२ ठिपके उंच आहे. एक गवताची, एक मातीची, एक खांबाची, एक नुसत्या आभाळाची. याच टाइल पुन्हा पुन्हा लावून सगळं जग उभं करायचं.

सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. सोलापुरी चादरीवरचं फूल किंवा मोर आधी कुठे जन्मतो? चौकटीच्या कागदावर. नक्षी काढणारा माणूस एकेक चौकट भरतो. भरलेली चौकट म्हणजे इथे उभा धागा वर उचलायचा, रिकामी म्हणजे खाली ठेवायचा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, पत्त्यांची माळ जॅकार्डवर चढते आणि माग ती वाचत जातो. एक पत्ता, एक आडवा धागा. माळ संपली की पुन्हा पहिला पत्ता, आणि नक्षी पुन्हा उगवते. अख्ख्या चादरीसाठी वेगळं चित्र कोणी काढत बसत नाही.

गेममध्ये याने किती वाचतं ते पाहा. समजा, एका टप्प्याचा नकाशा २५६ टाइल रुंद आणि ६४ टाइल उंच आहे. अख्खं चित्र ठिपक्याठिपक्याने साठवायचं तर १,६७,७७,२१६ बाइट लागतील. त्या वेळची फ्लॉपी १४,७४,५६० बाइटची. म्हणजे एका टप्प्याला बारा फ्लॉप्या! त्याऐवजी २४० वेगवेगळ्या टाइल काढा. त्यांचे बाइट झाले २,४५,७६०. आणि कुठल्या चौकटीत कितव्या क्रमांकाची टाइल, हे सांगणारा नकाशा १६,३८४ बाइटचा. बेरीज २,६२,१४४. म्हणजे चौसष्टावा हिस्सा. बारा फ्लॉप्यांचं काम एका फ्लॉपीच्या कोपऱ्यात बसलं.

ही तुलना आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. फ्रान्समध्ये लिऑन शहरात जॅकार्डने १८०४ साली आपला माग पुढे आणला. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी भोकाच्या पत्त्यांची कल्पना तिथूनच उचलली. आणि अ‍ॅडा लव्हलेस यांनी १८४३ साली त्या यंत्राचं वर्णन करताना त्याची तुलना थेट जॅकार्ड मागाशी केली. संगणकाच्या वंशावळीत माग आहे. या गावातल्या कित्येकांच्या वडिलांनी आणि आजोबांनी ज्या यंत्रावर आयुष्य काढलं, ते संगणकाच्या आजोबांपैकी एक आहे.

फरक कुठे आहे तेही सांगितलं पाहिजे. चादर एकदा विणली की विणली. गेमचा पडदा क्षणाक्षणाला पुन्हा विणला जातो, आणि पुढच्या वेळी कुठला धागा उचलायचा हे खेळणाऱ्याचं बोट ठरवतं.

उडी म्हणजे बेरीज-वजाबाकी

आता सशाची उडी. गेम बनवणाऱ्याचा निम्मा जीव यात अडकलेला असतो.

संगणकाला गुरुत्वाकर्षण कळत नाही. त्याला बेरीज-वजाबाकी कळते. समजा, बटण दाबताच सशाला वरच्या दिशेने १० चा वेग दिला. म्हणजे पहिल्या चित्रात तो १० ठिपके वर. पुढच्या चित्रात वेगातून १ वजा करायचा, म्हणजे ९ ठिपके. मग ८, ७, ६. शेवटी १, आणि मग शून्य. इथे ससा सगळ्यात वर पोचला. आता वेग उलटा: १, २, ३ असा खाली. कागदावर ठिपके मांडून पाहिलेत तर दगड फेकल्यावर होते तशीच कमान दिसेल. दहावीच्या पुस्तकातली गतीची समीकरणं हीच.

किती उंच गेला? १० पासून १ पर्यंतची बेरीज ५५. टाइल ३२ ची. म्हणजे एका टाइलएवढा उंच ओटा ससा चढेल. दोन टाइलचा, म्हणजे ६४ ठिपक्यांचा, नाही चढणार. पुढे जायचा वेग दर चित्राला ४ ठिपके धरला, तर वीसएक चित्रांच्या उडीत तो साधारण ८० ठिपके पार करेल. दोन टाइलचा खड्डा ओलांडेल, तीन टाइलच्या खड्ड्यात पडेल.

टप्पा रचणारा माणूस हे आकडे डोक्यात ठेवून बसलेला असतो. खेळणाऱ्याला वाटतं, "थोडक्यात वाचलो!" ते 'थोडक्यात' आधीच मोजून ठेवलेलं असतं.

आणि इथे गेमवाले सरळसरळ खोटंही बोलतात. पुष्कळ गेममध्ये नायक कड्यावरून पुढे गेला तरी दोन-चार चित्रांपुरती उडी मारायची मुभा ठेवतात. जमीन संपलेली असते, तरी बटण दाबलं की उडी लागते. का? कारण माणसाचं बोट किंचित उशिरा हलतं. कडक नियम लावला तर खेळणारा म्हणतो, "मी दाबलं होतं, गेमच खराब आहे." चांगला पंच जसा थोडं समजून घेतो, तसं हे आहे.

वेग आणि नजर

जॅझचं कौतुक झालं तसा त्याच्यातला एक दोषही लोकांनी दाखवला. ससा फार वेगाने पळतो, आणि पडदा फार जवळून दाखवतो. समोरचा शत्रू दिसेपर्यंत टक्कर झालेली असते.

आकड्यांत बघू. पडदा ३२० ठिपके रुंद, ससा मधोमध. म्हणजे पुढचं दिसतं ते १६० ठिपके. समजा, ससा दर चित्राला ८ ठिपके पळतोय आणि सेकंदाला ७० चित्रं आहेत. सेकंदाला ५६० ठिपके झाले. १६० ठिपके संपायला सेकंदाच्या तीन दशांशाहूनही कमी वेळ. माणसाला काही दिसल्यावर बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. हातात उरलं काय?

रात्री पुणे रस्त्याला गाडी हाकणाऱ्यांना हे ठाऊक आहे. दिव्याचा उजेड जिथवर पोचतो, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा. जॅझ उजेडाच्या पुढे धावतो. मग सरावलेला खेळाडू काय करतो? टप्पा पाठ करतो, नाहीतर पाऊल जपून टाकतो. म्हणजे सशाचा गेम जिंकायला शेवटी कासवाचाच स्वभाव लागतो. इसापाला हरवून गेलेला हा गेम फिरून इसापापाशीच येतो.

प्राणीच का?

या काळात प्राण्यांची नुसती रांग लागली. साळू झाला, ससा झाला. १९९४ सालीच 'अर्थवर्म जिम' आला, त्यात तर गांडूळ नायक! अंतराळातून पडलेला एक चिलखती पोशाख गांडुळाला मिळतो आणि ते पराक्रमी होतं.

याचं एक कारण पुन्हा चौकटींचंच आहे. पन्नासेक ठिपक्यांत माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. डोळे, नाक, मिशी, सगळ्याचा काला होतो. पण दोन लांब कान काढा, लांबून ससा कळतो. चादरीवर मोर शोभतो तो त्याच पिसाऱ्यामुळे. थोड्या चौकटींत ज्याची आकृती उठते तो टिकतो.

दुसरं कारण पंचतंत्राइतकं जुनं. प्राणी कुठल्या जातीचा, कुठल्या देशाचा, असं कोणी विचारत नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरातली पोरं एका गल्लीत वाढतात. ससा त्या सगळ्यांचा होऊ शकतो.

ही विज्ञानकथा आहे का?

ग्रह आहेत, बंदुका आहेत, याने आहेत. म्हणजे विज्ञानकथा झाली का? मराठीत जयंत नारळीकरांनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या पद्धतीच्या कथेतून विज्ञान काढून घेतलं तर कथाच कोसळते. ती कसोटी लावली तर जॅझ नापास. ग्रहाऐवजी जंगल आणि बंदुकीऐवजी गोफण दिली तरी गेम तसाच चालेल. विज्ञान हा त्याचा पोशाख आहे.

खरं विज्ञान पोशाखाच्या आत आहे. उडीतलं गणित, पडद्याचा हिशोब, नजरेचा वेग. मूल गेम खेळतं तेव्हा ते या नियमांचा अंदाज घेत असतं, चुकत असतं, पुन्हा अंदाज बांधत असतं. फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

पैसे कसे मिळाले

आता धंद्याकडे. जॅझ 'शेअरवेअर' होता. पहिला भाग फुकट. तो मित्राला द्या, त्याने त्याच्या मित्राला द्यावा, कंपनीची हरकत नाही. आवडला तर बाकीचे भाग विकत घ्या. एकदा पैसे दिले की व्यवहार संपला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं गेमचा प्रवास फ्लॉपीवरून, मग सीडीवरून व्हायचा.

ती छोटी कंपनी म्हणजे आजची एपिक गेम्स. १९९८ साली तिने 'अनरियल' हा गेम आणला, आणि त्याच्या आतलं यंत्र, 'अनरियल इंजिन', इतरांना वापरायला दिलं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा गेम केला. भावाला शोधायला निघालेली मुलगी, पुराणातले देव, राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती. तो गेम याच अनरियल इंजिनवर उभा आहे. सशाच्या कंपनीने बनवलेल्या मागावर पुण्यात कापड विणलं गेलं, असं म्हणा.

आज फुकट मिळणारे बहुतेक गेम वेगळ्या रीतीने पैसे काढतात. ते संपतच नाहीत. रोज या, नाहीतर तुमची साखळी तुटेल. थांबायचं नसेल तर थोडे पैसे भरा. जॅझमधला शेवटचा शत्रू हरला की पोरगं उठून जेवायला जायचं. न संपणाऱ्या गेममधून उठायची वेळ गेम सांगत नाही, ती घरातल्यांना सांगावी लागते. मुलाच्या हातातल्या गेमबद्दल आईवडिलांनी निदान दोन गोष्टी विचाराव्यात: हा संपतो का, आणि हा पैसे कधी मागतो?

प्रश्नोत्तरं

प्रश्न: पैसे लावायच्या गेमवर आता बंदी आली ना? मग काळजी कशाची?

उत्तर: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. जिंकायच्या आशेने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ वेगळे काढले. बंदी पैसे लावायच्या खेळांपुरती आहे. गेममधला पोशाख किंवा बंदूक विकत घेणं हा जुगार नव्हे, पण खिशातून पैसे जातातच. तिथे कायद्याआधी घरातलं बोलणं लागतं.

प्रश्न: आमच्या मुलाला गेम बनवायचा आहे. महागडा संगणक घ्यावा का?

उत्तर: आधी चौकटीचा कागद घ्या. सशाची उडी एक चौकट उंच आणि दोन चौकटी लांब, एवढाच नियम ठरवा. त्या नियमात खेळता येईल असा एक टप्पा त्याला काढू द्या आणि दुसऱ्या मुलाला बोटाने खेळायला लावा. कुठे अडकतो ते बघून खोडायचं, पुन्हा काढायचं. हे महिनाभर टिकलं, तर साध्या संगणकावर चालणारी फुकट साधनं आहेत, गोदो इंजिन त्यातलंच एक. जॅझचा दुसरा भाग १९९८ साली आला तेव्हा त्याच्यासोबत टप्पे रचायचं साधनच दिलं होतं. लोकांनी त्यात स्वतःचे टप्पे बनवून एकमेकांना दिले.

प्रश्न: माझे वडील चादरीची नक्षी कागदावर काढायचे. आता ते काम कॉम्प्युटरवर होतं. त्या हाताच्या कलेचा या धंद्यात खरंच उपयोग आहे, की हे नुसतं बरं वाटायला बोललात?

उत्तर: नुसता चौकटीचा कागद येतो म्हणून कोणी नोकरी देणार नाही, हे स्पष्टच सांगतो. पण थोड्या चौकटींत आकृती उठवायची, मोजक्या रंगांत भागवायचं आणि एका तुकड्याची कड दुसऱ्याला अशी जुळवायची की सांधा दिसू नये, हे तीनही गुण टाइल काढणाऱ्याला रोज लागतात. तुमच्या वडिलांचे जुने कागद असतील तर रद्दीत घालू नका. घरातल्या मुलाला त्यातला एक द्या, आणि तो संगणकावर चौकटीला चौकट लावून उतरवायला सांगा. सांधा कुठे चुकला हे त्याला वडीलच दाखवू शकतील.